मांडून ठेवलेला तंबू

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला चैत्राली खुंट्या ठोकायची रबरी हातोडी आणायला इंग्लंडातल्या ब्रॅकनेल गावाबाहेरच्या कँपिंगच्या दुकानात गेली, आणि तिथे मांडून ठेवलेल्या एका तंबूत तिला तिचा नवरा बसलेला दिसला. दुकानाचा वरचा मजला म्हणजे एक खोटं कुरण होतं. प्लॅस्टिकच्या हिरवळीवर दहा-बारा तंबू, तंबूंपुढे घडीच्या खुर्च्या, खुर्च्यांपुढे कधी न पेटलेल्या शेगड्या, आणि वरून सगळ्यावर सांडणारा पांढरा उजेड, ज्याला सकाळ नाही की दुपार नाही. तिनं तो तंबू लांबूनच ओळखला. तसाच तंबू त्यांच्या घरी फेब्रुवारीपासून पलंगाखाली पिशवीत पडून होता. हिरवा, चार माणसांचा, पुढे पडवी असलेला. आपला तंबू उभा राहिला की कसा दिसेल, ते बघावं म्हणून ती जवळ गेली. खिडकीला जाळी होती. जाळीच्या आत परीक्षित बसला होता. गळ्यात ऑफिसचा पट्टा, मांडीवर बंद लॅपटॉप, पायाशी स्टीलचा डबा. तो काही करत नव्हता. समोरच्या हिरव्या कापडाकडे बघत होता, जसं कुणी खिडकीतून बाहेर बघावं तसं. तिला आधी हसूच आलं. फ्रान्सच्या ट्रिपसाठी तंबूची रंगीत तालीम करतोय, आणि मला सांगितलंसुद्धा नाही! मग तिचं लक्ष डब्याकडे गेलं. डबा उघडा होता आणि अर्धा संपला होता. अकरा वाजता डबा खाणारा माणूस ऑफिसातला नसतो. पट्ट्याच्या टोकाला प्लॅस्टिकचं पाकीट लोंबत होतं, आणि पाकिटात कार्ड नव्हतं.

ती मागं सरली. प्लॅस्टिकच्या हिरवळीवर पावलांचा आवाज होत नाही, हे तिला तेव्हा कळलं. हातोडी न घेताच ती खाली आली, बसस्टॉपवर उभी राहिली, दातांच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणून शाळेतल्या कामावरून घेतलेली अर्ध्या दिवसाची सुटी अजून उरली होती ती तिनं तिथेच उभ्या-उभ्या घालवली. संध्याकाळी सव्वासहाला परीक्षित आला. "मेडनहेडला ऑफिसातून निघालो तर रस्त्यात हीऽ गर्दी," तो म्हणाला. "हातोडी आणली का?"

"नाही मिळाली," ती म्हणाली.

हे तीन आठवड्यांपूर्वीचं. आज शनिवार होता, तिच्या शाळेला आठवड्याची सुटी लागली होती, आणि डोव्हर बंदराच्या आत, फ्रेंच पोलिसांच्या पासपोर्ट तपासायच्या खोक्यांपुढे लागलेल्या सात रांगांपैकी चौथ्या रांगेत त्यांची गाडी उभी होती. पुढे गाड्या, मागे गाड्या, दोन्ही बाजूंना गाड्या. छपरांवर सायकली, मागच्या काचांतून दाबून भरलेल्या उशांचे गाल दिसत होते. इंजिनं बंद होती. दर पाच-सात मिनिटांनी सगळी इंजिनं एकदम सुरू व्हायची, सगळे एक गाडीभर पुढे सरकायचे आणि पुन्हा बंद.

एक घर पुढे.

परीक्षितनं स्टिअरिंगवरचे हात काढले नव्हते. नखं नीट कापलेली, दाढी केलेली, नवा निळा टीशर्ट. काल संध्याकाळी गाडीच्या दिव्यांवर चिकटवायच्या पट्ट्या त्यानं फूटपट्टी लावून चिकटवल्या होत्या, कारण तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालवायचं आणि आपल्या दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पिवळी जाकिटं सीटच्या मागे, गाडी बंद पडली तर मागे उभा करायचा लाल त्रिकोण डिकीत, सगळं यादीप्रमाणे. सगळ्याची एक एक्सेल शीट होती. व्हिसासाठी फ्रेंच लोकांना रोजचा मुक्काम दाखवावा लागतो, म्हणून मार्चमध्ये ती केली होती. ओळखीतले सगळे व्हिसापुरती बुकिंग करतात आणि व्हिसा आला की रद्द करतात. परीक्षितनं एकही रद्द केलं नव्हतं. उलट त्यानं रकाने वाढवले. दिवस, कुठून, कुठे, किलोमीटर, कँप, पाऊस आल्यास. चैत्रालीच्या मांडीवर पारदर्शक फाइल होती, आणि फाइलमध्ये सगळ्यात वर ती शीट, त्याखाली बुकिंग, विमा, आणि कंपनीचं पत्र. श्री. परीक्षित हे आमचे कायम कर्मचारी असून दोन जूनला कामावर परत रुजू होतील. पत्रावर मार्चची तारीख होती. मार्चमध्ये ते खरं होतं.

दिवस पहिला. डोव्हर ते कॅले बोटीनं, कॅले ते आमियाँ. तळ्याकाठचा कँप, नगरपालिकेचा. तिनं शीट इतक्या वेळा वाचली होती की न गेलेली ती गावं तिला गेल्यासारखी झाली होती. संध्याकाळी सहाला पोचायचं, खसखशीची लाल फुलं बांधावर, सरळ रेषेत लावलेली झाडं, आणि एका गावात म्हणे चौकात मशीन आहे, नाणं टाकलं की गरम पाव बाहेर येतो. ते मशीन तिला सगळ्यात आवडलं होतं. मार्चमध्ये, व्हिसाच्या रांगेतून परत येताना, ती म्हणाली होती की मी त्या मशीनपुढे उभी राहून दोन पाव काढणार, एक खायला आणि एक नुसता हातात धरायला. तेव्हा परीक्षित हसला होता. त्या हसण्यात काही लपवून ठेवलेलं नव्हतं. एप्रिलनंतर तो हसायचा तेव्हा हसून झाल्यावर ते हसू आवरून ठेवायचा, जसं कुणी उसनी वस्तू पुसून परत

एक घर पुढे.

"एसी लावू का?" त्यानं विचारलं.

"नको."

"काच खाली करू?"

"असू दे."

तिनं स्वतःशी एक ठरवलं होतं. खोक्याशी पोचेपर्यंत त्याला वेळ द्यायचा. त्यानं सांगितलं तर ठीकच. सांगितलं नाही तर. त्या 'तर'च्या पुढचं तिनं सकाळी स्वयंपाकघरात करून ठेवलं होतं. परीक्षितचे दोन पासपोर्ट होते. जुना, संपलेला, कोपरा कापलेला. आणि नवा, ज्यात फ्रेंच व्हिसा होता. आपल्याकडे सगळेच करतात तसं दोन्ही एका रबरबँडमध्ये एकत्र, कारण जुन्यातले शिक्के कधी कुणी मागेल सांगता येत नाही. सकाळी, तो खाली गाडीत तंबू ठेवायला गेला तेव्हा, तिनं रबरबँड काढला, नवा पासपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पातळ पोह्यांच्या डब्यात खुपसला, वर मूठभर पोहे लोटले आणि जुना एकटाच रबरबँड लावून फाइलमध्ये ठेवला. डबा आता तिच्या पायाशी होता. हात खाली घातला की पोहे, पोह्यांत हात घातला की फ्रान्स.

हे तिला शाल्मलीमुळे सुचलं असं म्हणता येणार नाही, पण भीती शाल्मलीमुळे कळली. शाल्मली तिची मैत्रीण, लंडनला हॅरोत राहते, इमिग्रेशनच्या वकिलांच्या ऑफिसात काम करते, आणि कुणाचंही कोडं सोडवताना तोंडात काहीतरी चघळत असते.

"माझ्या ओळखीतली एक आहे," चैत्रालीनं फोनवर विचारलं होतं, "तिच्या नवऱ्याचा जॉब गेला. तर ते सुटीला बाहेर जाऊ शकतात का?"

"जाऊ शकतात गं. जायला कोण अडवतंय? व्हिसा नोकरीवरचा ना, कंपनी सरकारला कळवते, मग सरकारचं पत्र येतं, आणि पत्र आलं की साठ दिवस. तेवढ्यात दुसरी कंपनी शोधा नाहीतर बॅग भरा. आता पत्र यायला कधी दोन आठवडे लागतात, कधी तीन महिने. पण हे बाहेर असताना आलं ना, तर साठ नाही, शून्य. परत येताना दारातच अडकणार. बायकोपण. ती त्याच्याच व्हिसावर असेल ना?"

"हो."

"पीआरला किती राहिलेत त्यांना?"

"पाच महिने."

शाल्मलीचं चघळणं थांबलं. "चैत्राली, ही ओळखीतली कोण?"

"तू नाही ओळखत तिला," चैत्राली म्हणाली, आणि ते बोलताना तिला वाटलं की हे अगदी खोटं नाही.

पाच महिने. साडेचार वर्षं त्यांनी इथला प्रत्येक महिना असा काढला होता, जसं कुणी श्वास धरून पाण्याखाली अंतर कापतं. भिंतीला खिळा मारला नाही, कारण घर भाड्याचं. कुत्रा घेतला नाही. मूल नंतर, पीआर झाल्यावर, म्हणजे इथे कायमचं राहायचा परवाना मिळाल्यावर. शाळेत ती मदतनीस म्हणून लागली, मग मुलांना बोट ठेवून वाचून दाखवता-दाखवता तिला ते काम आवडायला लागलं, बाई म्हणाल्या शिक्षिकेचा कोर्स का करत नाहीस, ती म्हणाली, पीआर झाल्यावर. आणि आता ते काठाशी आले होते आणि हा माणूस स्वतःहून गाडी चालवत परत खोल पाण्यात निघाला होता. त्याला माहीत नसेल असं नाही. तो सगळं वाचणारा माणूस. टोस्टरची हमी वाचणारा माणूस. त्याला शून्य माहीत होतं. मग का? तीन आठवडे ती रात्री त्याच्या पाठीकडे बघत हेच विचारत होती, मनात, आणि आज या रांगेत, त्याच्या नीट कापलेल्या नखांकडे बघताना, तिला एकदम दिसलं की तो कुणीतरी आपल्याला थांबवावं म्हणून चाललाय. गाडी बंद पडावी, वादळ यावं, फ्रेंच पोलिसानं मान हलवावी. नाही म्हणायचं काम दुसऱ्या कुणीतरी

एक घर पुढे.

आणि ती? तिनं तरी का विचारलं नाही? ती आठ वर्षांची असताना सातारा रोडच्या घरी मावशीला बघायला पाहुणे आले होते. चैत्राली न्हाणीघरात गेली आणि आतली कडी अडकली. वरही होईना, खालीही होईना. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेले, कपबशांचा आवाज, कुणीतरी मावशीला विचारत होतं की गाणं येतं का. ओरडलं असतं तर दोन मिनिटांत कुणी आलं असतं. पण पाहुण्यांच्या देखत न्हाणीघरातून मुलगी ओरडतेय, हे बरं दिसलं नसतं. ती बादली पालथी घालून बसली. तासभर. पोहे झाले, चहा झाला, मावशीचं अर्धं गाणं झालं. पाहुणे गेल्यावर बाबांनी पेचकस लावून बिजागरी काढली आणि पहिलं काय विचारलं तर, "आवाज का नाही दिलास?" तिला आठवतं ते इतकंच की पहिली दहा मिनिटं भीती वाटली आणि नंतर वाटेनाशी झाली. नंतर ते न्हाणीघर तिचं झालं होतं. तांब्या, साबणाची वडी, वरच्या झरोक्यातून पडलेला उजेडाचा तुकडा. अडकण्याचं हेच वाईट असतं, ते अंगाला बसतं. गेले तीन आठवडे ती रोज सकाळी डबा भरत होती, कुठे उघडला जाणार हे माहीत असून भरत होती. एवढंच नाही, तिनं डबा बदलला होता. भरली वांगी बंद केली, लसणाची चटणी बंद केली. तंबूत वास राहील आणि दुकानातले लोक त्याला उठवतील म्हणून. पराठे, दहीभात, काकडी. नवऱ्याच्या खोट्याला वास येऊ नये याची काळजी ती घेत होती.

दिवस चौथा. लुआर नदी. 'पाऊस आल्यास: किल्ला.' शीटमध्ये त्या दिवशी फक्त सत्तावीस किलोमीटर होते. सत्तावीसच का, तिनं विचारलं होतं. "त्या दिवशी काहीच करायचं नाही," परीक्षित म्हणाला होता, "नदीत पाय सोडून बसायचं. शीटमध्ये टाकून ठेवलंय मी." काहीच न करणंसुद्धा तो शीटमध्ये टाकत असे. आता त्याच्याकडे काहीच न करण्याचे दिवसच दिवस होते, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, आणि ते कुठल्याच रकान्यात

फोन वाजला. गाडीच्या पडद्यावर 'आई' आलं. परीक्षितनं घेतला आणि सगळ्या गाडीत नागपूर भरलं.

"पोचले का रे तुम्ही फ्रान्सला?"

"नाही आई, अजून इकडेच. लाइन आहे."

"अजून इकडेच? सकाळी पाचला निघाले नं तुम्ही? चैत्राली, जेवली का गं?"

"हो आई, दशम्या आहेत बरोबर. तुम्ही औषध घेतलंत का?"

"घेतलं, घेतलं. त्या तंबूत विंचू-बिंचू पाहा बरं झोपायच्या आधी. घर सोडून मैदानात झोपायला पैसे देतात लोकं, मला तर काही समजून नाही राहिलं. काय रे परीक्षित, इतके दिवस सुटी दिली का तुझ्या ऑफिसनं?"

चैत्रालीनं समोरच्या गाडीच्या नंबरपाटीकडे बघितलं. आता, तिला वाटलं. आईला नाही, पण फोन ठेवल्यावर मला. आता.

"दिली नं," परीक्षित म्हणाला. "माझ्या हक्काचीच आहे."

"बरं बाबा. पोचले की फोटो टाका."

फोन बंद झाला. पुढच्या गाडीतली बाई उतरून हातपाय झटकत होती. परीक्षितनं तोंड उघडलं. ओठांवर जीभ फिरवली. चैत्रालीनं हात पोह्यांच्या डब्यावर ठेवला.

"चैत्राली."

"काय?"

"शीटमध्ये ना," तो म्हणाला, "सहाव्या दिवशी मी दोन कँप टाकलेत. दोर्दोन्यला. तुला नदीकाठचा पाहिजे का टेकडीवरचा?"

ती त्याच्या कानामागच्या शिरेकडे बघत राहिली. शीर उडत होती.

"टेकडीवरचा," ती म्हणाली.

एक घर पुढे. एक घर पुढे. मग एकदम तीन घरं, कारण शेजारचा खोका उघडला आणि रांग फुटली, आणि ती अजून काही ठरवायच्या आत काच खाली गेली होती आणि एका तरुण, झोपाळू चेहऱ्याच्या पोलिसानं हात बाहेर काढला होता. खोका इंग्लंडच्या जमिनीवर, आतला माणूस फ्रान्सचा. अजून वेळ होता. डब्यात हात घालायचा, 'अय्या, हा इथे कसा' म्हणायचं, आणि जायचं. पाव काढायचा मशीनमधून. नदीत पाय सोडायचे. शून्य तर शून्य. एका क्षणापुरतं तिला खरोखर जावंसं वाटलं. मग तिनं फाइलमधून दोन पासपोर्ट काढून परीक्षितच्या हातात दिले. आपला आणि त्याचा जुना.

पोलिसानं तिचा बघितला, शिक्का उचलला, खाली ठेवला. दुसरा उघडला, मिटला, कापलेल्या कोपऱ्यावर अंगठा फिरवला.

"सर, हा रद्द झालेला आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "नवा कुठे?"

चैत्राली फाइल उलटीपालटी करायला लागली. शीट, विमा, पत्र. पुन्हा शीट. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. "बायकोनं चुकीचा उचललेला दिसतोय," परीक्षित पोलिसाला म्हणाला, आणि असं हसला की जणू दोघं पुरुष मिळून हे समजून घेतील. पोलिसानं खांदे उडवले, नारिंगी शंकूंमधून जाणारी एक अरुंद वाट दाखवली. ती वाट वळून पुन्हा इंग्लंडमध्ये जात होती.

बंदराबाहेरच्या चौकात परीक्षितनं गाडी जोरात वळवली. मग त्याला आवाज फुटला. "एक काम! सगळ्या ट्रिपमध्ये एकच काम होतं तुझ्याकडे! फाइल. मी दिवे केले, त्रिकोण केला, शीट केली, तू फक्त दोन पासपोर्ट. काय करून राहिली होती सकाळी तू?" तो बराच वेळ बोलला. मोकळा, खणखणीत, महिन्याभरात तो असा बोलला नव्हता. कानामागची शीर शांत झाली होती, गालावर रंग आला होता. "जाऊ दे," शेवटी तो म्हणाला, "घरी नाही जायचं पण. तंबू आहे, दशम्या आहेत. इथेच कुठेतरी टाकू." आणि एका हातानं गाडी चालवत त्यानं आईला फोन लावला. "नाही गं आई, रद्द झालं. चैत्राली माझा पासपोर्टच घरी विसरली. हो नं. आता काय करता?" पलीकडून आईचं चुकचुकणं आलं. "असू दे रे, रागवू नको तिला."

चैत्राली खिडकीबाहेर बघत होती. तिनं त्याच्यासाठी एक दार उघडून दिलं होतं, आणि तो त्यातून बाहेर पडला होता, आणि जाताना त्यानं ते लावून घेतलं होतं. आता जन्मभर हे असंच सांगितलं जाणार. फ्रान्सला जाणार होतो, पण ही पासपोर्ट विसरली. नागपूरला, पुण्याला, हॅरोच्या गणपतीत. सुटी संपली की पुन्हा पावणेआठला डबा. ती आत होती, बादलीवर बसलेली, आणि बाहेर पोहे दिले जात होते.

डोव्हरच्या वर कड्यावर सेंट मार्गारेट्स नावाचं गाव आहे. तिथे एका शेतकऱ्यानं मैदानात कँप काढला होता आणि एक जागा शिल्लक होती. समोर समुद्र, समुद्रापलीकडे फ्रान्सची पांढुरकी रेघ, इतकी जवळ की चिडायला व्हावं. शेजारच्या कॅराव्हॅनपुढे एक म्हातारं जोडपं खुर्च्या टाकून चहा पीत होतं. परीक्षितनं पिशवी उपडी केली. चैत्रालीनं माहितीपत्रक काढलं, प्लॅस्टिकमधलं, घडी न मोडलेलं, आणि वाचायला उघडलं. तिनं पहिलं चित्र शोधेपर्यंत त्यानं लांब दांड्या जोडल्या होत्या. दुसरं चित्र शोधेपर्यंत तंबूनं पाठ उचलली होती. तो पत्रकाकडे बघतच नव्हता. कुठली दांडी कुठल्या बाहीत, कुठला हूक कुठल्या कडीत, हात आपोआप जात होते, जसे अंधारात स्वतःच्या घरातल्या बटणाकडे जावेत. फेब्रुवारीपासून एकदाही न उघडलेला तंबू होता तो.

"मागचा दोर आत्ता नको ओढूस," तो पाठमोराच म्हणाला. "खांब वाकतो. याचं नेहमीच होतं असं."

नेहमीच. त्याला स्वतःलाच तो शब्द ऐकू आला असावा, कारण त्याचे हात क्षणभर थांबले. मग घाईनं तो म्हणाला, "हातोडी दे."

"हातोडी नाहीये."

"अगं, तीन आठवडे झाले, मी म्हटलं होतं नं आणून ठेव—"

"गेले होते आणायला."

"मग?"

"मंगळवार होता," चैत्राली म्हणाली. "अकरा वाजले होते. तू डबा खात होतास."

वाऱ्यानं तंबूचं कापड फुगलं आणि बसलं. परीक्षितच्या हातात खुंटी होती. त्यानं ती गवतावर ठेवली, सरळ, दुसऱ्या खुंटीच्या शेजारी, आणि वाकून तंबूत शिरला. तीही डबा घेऊन मागोमाग गेली आणि मागे चेन ओढून घेतली, कारण म्हातारा-म्हातारी बघत होते. आत सगळं हिरवं होतं. तो बरोबर तिथेच बसला होता, त्याच जागी, त्याच भिंतीकडे तोंड करून. डाव्या भिंतीला जाळीचा खिसा होता. त्यानं न बघता चष्मा काढून त्यात ठेवला. चैत्रालीनं पोह्यांत हात घातला, पासपोर्ट काढला, पिशवीला चिकटलेले पोहे झटकले आणि तो चष्म्याशेजारी ठेवला. जाळीतून निळं कव्हर दिसत राहिलं.

तो पासपोर्टकडे बघत राहिला. बाहेर कपबशी वाजली.

"म्हणून वांगी बंद झाली," तो म्हणाला.

"वास राहिला असता."

त्यानं मान हलवली, एखादं बरोबर कारण ऐकल्यासारखी. "अकरा एप्रिल," मग तो म्हणाला. "सहा जणांना काढलं. पत्र अजून नाही आलं. रोज बघतो मी. सकाळी तुला चौकात गाडी थांबवून सांगणार होतो. मग पुढच्या चौकात. मग रांगेत."

"मला दिसत होतं."

"मग तू का नाही विचारलं?"

तिच्या खिशात फोन थरथरला आणि दोघंही दचकले, पत्र आल्यासारखे. पत्र नव्हतं. समुद्रापलीकडच्या मोबाइल मनोऱ्यानं फोन पकडला होता. फ्रान्समध्ये आपलं स्वागत आहे, असं त्यावर आलं होतं, आणि घड्याळ आपोआप एक तास पुढे गेलं होतं. तिनं फोन त्याला दाखवला. तो हसला, आणि हसता-हसता ते हसू त्याला आवरून ठेवता आलं नाही, ते वाकडं झालं, त्यानं तोंड गुडघ्यांत घातलं. त्याची पाठ हलत होती. हिरव्या उजेडात त्या पाठीकडे बघताना तिला वाटलं की हवा संपत आली आहे. ती चेनशी गेली. ओढली. चेन दोन वीत वर गेली आणि कापड दातांत धरून बसली. वरही होईना, खालीही होईना.

"थांब, जोर नको लावूस," परीक्षित मागून म्हणाला, ओल्या आवाजात. "ती तिथे अडकते. दुकानातली पण. मी काढतो हळूहळू."

"किती वेळ लागतो?"

"लागतो कधीकधी."

जाळीतून तिला बाहेरची म्हातारी दिसत होती. मांडीवर बशी, बशीत बिस्किट, आणि तंबूकडे न बघण्याचा सभ्य प्रयत्न.

"हलो!" चैत्राली ओरडली.

"काय करून राहिली? नको. लोक बघतील, मी काढतोय ना—"

तिनं जाळीला तोंड लावलं. जाळीला नव्या कापडाचा वास होता. "हलो! अहो! इकडे! आम्ही अडकलोय!" आपण कुठल्या भाषेत ओरडतोय, हे तिच्या लक्षात आलं नाही, आणि मागून त्यानं दंड धरला तरी ती थांबली नाही. "आम्ही अडकलोय! दोघंही! आत!"

म्हातारीनं बशी खाली ठेवली आणि खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायला लागली.